पायाची लसिका-सूज आणि छातीभर पाणी

पायाला लिम्फेडिमा, म्हणजे लसिका साचून येणारी सूज असली की ‘पोहायला जा, बरं वाटेल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. या सुजेसाठी पाण्यातला जो व्यायाम वापरतात त्यात पोहणं जवळजवळ नसतंच. माणूस छातीभर पाण्यात सरळ उभा राहतो, सावकाश श्वास घेतो आणि ठरलेल्या क्रमानं पाय हलवतो. इस्रायलमधल्या फिजिओथेरपिस्ट डोरिट टिधार यांनी ही पद्धत ‘ॲक्वा लिम्फॅटिक थेरपी’ या नावानं बसवली आणि पुढे ती इतर देशांतही गेली. पोहता येत नसलं तरी ती करता येते.

आधी सूज कुठून येते ते थोडक्यात. केशवाहिन्यांमधून पेशींच्या भोवती सतत द्रव पाझरतो. तो आणि त्यातली प्रथिनं उचलून परत रक्तात नेण्याचं काम लसिकावाहिन्या करतात. वाहिन्यांतला हा द्रव म्हणजे लसिका. पायाची लसिका जांघेतल्या लसिकागाठींमधून पोटात आणि तिथून छातीमार्गे मानेच्या तळाशी, गळपट्टीच्या हाडामागच्या मोठ्या शिरेपर्यंत पोचते. वाटेत कुठेही तुंबलं तर सूज खाली पायात दिसते. काहींच्या वाहिन्या जन्मतःच अपुऱ्या असतात. गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात लसिकागाठी काढल्या जातात किंवा रेडिएशननं निकामी होतात. पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, डासांवाटे शिरलेल्या फायलेरियाच्या कृमींनी वाहिन्या बिघडवलेले हत्तीपायाचे रुग्ण अजूनही बरेच आहेत. कारण वेगळं असलं तरी पाण्यातल्या व्यायामामागचं तत्त्व तेच राहतं.

पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरच्या बाजूची कातडी चिमटीत पकडून पाहा. ती जाड झालेली असेल आणि उचलली जात नसेल, तर लिम्फेडिमाची शक्यता दाट. उचलली गेली म्हणून लिम्फेडिमा नाही असं मात्र ठरत नाही. दोन्ही पाय एकदम सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आधी तपासून घ्यावं. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि लघवीच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही. गोळी पाणी काढते, प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात.

पाणी नेमकं काय करतं

पाण्यात दर १० सेंटिमीटर खोलीला सुमारे ७.४ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब वाढतो. मध्यम उंचीचा माणूस १२० सेंटिमीटर पाण्यात उभा राहिला तर घोट्यावर साधारण ८०, गुडघ्याजवळ ५५ आणि जांघेत ३० च्या आसपास दाब पडतो. तुलनेसाठी, सूज आवरायला पायात घालतात त्या घट्ट दाबाच्या मोज्यांत जर्मन मानकाप्रमाणे दुसऱ्या वर्गाच्या मोज्याचा घोट्यावरचा दाब २३ ते ३२ असतो आणि तिसऱ्या वर्गाचा ३४ ते ४६. मोज्याप्रमाणेच पाण्याचा दाबही खाली जास्त आणि वर कमी असतो. शिवाय मोजा पायाच्या खाचाखोचांत, घोट्यामागच्या खळगीत नीट बसत नाही, पाण्याला तो प्रश्न नसतो.

जमिनीवर स्थिर उभं असताना घोट्यापाशी शिरांतला दाब ९० च्या आसपास असतो, तो वरच्या रक्ताच्या वजनामुळे. पाण्यातले ८० बाहेरून त्याला जवळजवळ तोलून धरतात. म्हणून छातीभर पाण्यात पाय खाली लोंबत असूनही द्रव पायात उतरत नाही, आणि स्नायूंच्या प्रत्येक हालचालीला बाहेरून टेकू मिळतो. हे गणित उभं राहण्याचं आहे. आडवं होऊन पोहायला लागलं की पाय पृष्ठभागापासून जेमतेम २०–३० सेंटिमीटर खाली असतात आणि दाब १५ ते २२ वर येतो. पोहणं चांगला व्यायाम आहे, सूज आटोक्यात असेल तर जरूर करावा, पण या उपचाराची जागा ते घेत नाही. कमरेएवढ्या पाण्यातही फायदा कमी होतो, कारण मांडी आणि जांघेवरचा दाब बराच कमी पडतो.

दुसरा लाभ वजनाचा. छातीपर्यंत पाणी आलं की सांध्यांवर शरीराच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश भारच उरतो. लिम्फेडिमाच्या बऱ्याच रुग्णांचं वजन जास्त असतं, गुडघे कुरकुरत असतात आणि जमिनीवर दहा मिनिटं चालणंही जिवावर येतं. तीच मंडळी पाण्यात अर्धा तास चालतात.

तिसरी गोष्ट विरोधाची. पाण्यात वेग दुप्पट केला की विरोध चौपट होतो. पाय झपाझप हलवले तर स्नायू फार राबतात, त्यांना रक्त जास्त लागतं आणि तेवढाच जास्त द्रव बाहेर पाझरतो. ज्या वाहिन्या आधीच थकल्या आहेत त्यांच्यावर हा भार नको. म्हणून जोरदार संगीतावरचं वॉटर ॲरोबिक्स आणि हा व्यायाम एकच समजू नयेत.

पाण्याचं तापमान

सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस. अंगाला किंचित गार लागेल पण कुडकुडायला होणार नाही, असं पाणी. ३४–३५ च्या वर गेलं की कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझर वाढतो आणि पाण्याच्या दाबानं कमावलेलं उष्णतेनं घालवलं जातं. वज्रेश्वरी-गणेशपुरी किंवा कोकणातल्या उन्हवरे यांसारख्या ठिकाणच्या गरम कुंडांत सुजलेला पाय बुडवून बसण्याची रीत म्हणूनच या रोगात उलटी पडते. सांधेदुखीला तिथे बरं वाटत असेल, लसिकेच्या सुजेला नाही. पाय बधिर असेल तर भाजण्याचाही धोका आहे.

उलट बाजूही आहे. आपल्याकडचे बहुतेक तलाव गरम केलेले नसतात आणि हिवाळ्यात सकाळी तिथलं पाणी फार गार असतं. इतक्या सावकाश व्यायामात अंग तापत नाही, दहा मिनिटांत दात वाजू लागतात आणि अंग आखडलं की खोल श्वास घेता येत नाही. पुणे-नाशिकच्या थंडीत दुपारची वेळ बरी. घरातला साधा पाण्याचा थर्मामीटर बरोबर न्यावा, तलावावर विचारलं तर ‘छान आहे पाणी’ एवढंच उत्तर मिळतं.

कोणी उतरू नये

पाय लाल, गरम, दुखरा झाला आहे, थंडी वाजून ताप आला आहे, जांघेत अवधाण आलं आहे, ही जंतुसंसर्गाची लक्षणं. त्या दिवसांत पाणीही नको आणि मालीशही नको, प्रतिजैविकं हवीत. संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर, डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करावं. उघडी जखम, कातडीतून पाझरणारी लस, बोटांमधल्या चिखल्या, खोल भेगा, यांपैकी काही असेल तर आधी ते बरं व्हायला हवं. चिखल्या किरकोळ वाटतात, पण लिम्फेडिमाच्या पायात जंतू शिरतात ते बहुधा याच दारातून. हत्तीपाय फार वाढून घड्या पडल्या असतील, मोस आले असतील, तर घड्यांच्या तळाशी ओल राहते. तिथली कातडी सुधारेपर्यंत तलावाचा विचार करू नये.

हृदय कमजोर असलेल्यांनी विशेष जपावं. मानेपर्यंत पाण्यात गेलं की पायांतलं आणि पोटातलं सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे ढकललं जातं. निरोगी हृदय ते पेलतं, थकलेल्या हृदयाला धाप लागते. आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शिरेतली गुठळी, वारंवार येणाऱ्या फिट्स, रेडिएशन चालू असताना सोललेली कातडी, लघवी-संडासवर ताबा नसणं, ही पाण्यात न उतरण्याची आणखी काही कारणं. मधुमेहींनी उपाशीपोटी येऊ नये आणि तळपाय बधिर असेल तर अनवाणी काठावर फिरू नये.

उतरण्याआधी

लघवी करून यावं. पाण्याच्या दाबानं शरीराला वाटतं की अंगात पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. त्यासाठी पाणी पिणं टाळू नये, आधी एक पेला आणि नंतर एक पेला घ्यावाच. जेवण होऊन किमान दीड तास झालेला असावा.

पोशाखाकडे फारसं कुणी पाहत नाही. स्विमिंग कॉश्च्यूमचं घट्ट इलॅस्टिक नेमकं जांघेत रुततं, आणि जिथून लसिका वर जायची तिथेच दोरी बांधल्यासारखं होतं. गुडघ्यापर्यंतची सैल पँट आणि कमरेला न काचणारा पट्टा चांगला. सुती सलवार किंवा साडी भिजून जड होते, पायात अडकते. पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट घ्यावेत, सुजलेल्या पायाच्या मापानं, संध्याकाळी मापून.

दाबाचा मोजा घालूनच तलावाच्या काठापर्यंत जावं आणि तिथे काढावा. पाण्यात तो लागत नाही, आणि क्लोरिननं त्याची लवचिकता जाते. तलावाची उभी लोखंडी शिडी जड पायाला धोक्याची असते, म्हणून पायऱ्या किंवा उतार असलेला तलाव पाहावा. उतरताना सुजलेला पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. एकट्यानं कधी उतरू नये.

क्रम: आधी वरचं मोकळं, मग खालचं

सगळ्या पद्धतीचा गाभा हा क्रम आहे. वर जागा झाल्याशिवाय खालून ढकललेलं जाणार कुठे? पूर्ण सत्र ४५ मिनिटांचं, पण पहिल्या दिवशी १५–२० मिनिटं पुरे.

भिंतीला पाठ टेकून उभं राहावं. हात पोटावर ठेवून नाकानं श्वास घ्यावा, मनात तीनपर्यंत मोजत, पोट पुढे येऊ द्यावं. ओठ आवळून सहापर्यंत मोजत सोडावा. असे दहा. छाती आणि पोटातल्या दाबाच्या चढउतारानं मुख्य लसिकावाहिनीतला प्रवाह मानेकडे ओढला जातो. पाण्याचा दाब छातीवरही असल्यानं श्वास घेताना थोडा जोर लागतो, ते साहजिक आहे. चक्कर आली तर श्वास फार भराभर चालले आहेत.

मग खांदे मागे गोल फिरवणं, दहा वेळा. त्यानंतर गळपट्टीच्या हाडावरच्या खळगीत, काखेत आणि जांघेत बोटांच्या सपाट बाजूनं हलकं मालीश. कातडी फक्त ताणली जाईल आणि सोडली की परत येईल इतकाच दाब. लाल झाली तर जोर जास्त झाला. जांघेतल्या गाठी काढलेल्या किंवा रेडिएशन दिलेल्या असतील तर लसिका त्याच बाजूच्या काखेकडे वळवावी लागते. तो मार्ग प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून एकदा हातानं दाखवून घ्यावा, वाचून जमत नाही. मानेच्या रोहिणीचा आजार असलेल्यांनी मानेचं मालीश टाळावं. गरोदर असाल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर पोटावर दाब नको.

आता कंबर डावीउजवीकडे वळवणं आणि ओटीपोट पुढेमागे झुलवणं, प्रत्येकी आठ-दहा वेळा. मग नितंबाचा सांधा: कठड्याला धरून गुडघा कमरेपर्यंत उचलणं, पाय बाजूला नेणं, मागे नेणं, दोन्ही पायांनी दहा-दहा. चांगल्या पायालाही सोडू नये. मग गुडघा वाकवून सरळ करणं. मग टाचा उचलून चवड्यावर येणं आणि चवडे उचलून टाचांवर येणं, पंधरा ते वीस वेळा, आणि शेवटी घोटा गोल फिरवणं. प्रत्येक हालचालीला जाऊन-येऊन चार ते सहा सेकंद. बोलत बोलत करता आलं पाहिजे, धाप लागली तर वेग कमी करावा.

यानंतर आठ-दहा मिनिटं पाण्यात चालणं: पुढे, मागे, आडवं. पाऊल टाचेपासून चवड्यापर्यंत पूर्ण टेकवत चालावं. फोमचा लांब नूडल पायांत घेऊन त्यावर बसून सावकाश सायकल मारणं अनेकांना आवडतं, आणि पाय खालीच लोंबत असल्यानं दाबही टिकतो. मात्र पोहता न येणाऱ्यांनी हे कठड्याजवळ, कुणीतरी धरलेलं असतानाच करावं.

परतीचा क्रम उलटा. घोटा, गुडघा, मग नितंब, मग पोट, आणि शेवटी पुन्हा दहा खोल श्वास. खालून वर आणलेली लसिका अशा रीतीनं मानेपर्यंत पोचवली जाते. घाईत हा भाग गाळला जातो आणि मग पाय उतरला नाही अशी तक्रार होते.

बाहेर आल्यावरचा पाव तास

घोट्यावरचा ८० चा दाब पायरीगणिक कमी होत पाण्याबाहेर शून्यावर येतो, आणि गुरुत्वाकर्षण पुन्हा कामाला लागतं. कपडे बदलायच्या खोलीत वीस मिनिटं उभ्याउभ्या गप्पा मारल्या तर मिळालेलं बरंचसं तिथेच जातं. कोमट पाण्यानं क्लोरिन धुवावं, गरम शॉवर घेऊ नये. मऊ टॉवेलनं टिपून कोरडं करावं, बोटांच्या बेचक्या वेगळ्या कापडानं. बसून पाय बाकावर घ्यावा आणि कोरडा मोजा लगेच चढवावा. दमट कातडीवर मोजा सरकत नाही, रबरी हातमोजे घातले तर तळहाताची पकड येते आणि तो वर ओढणं सोपं जातं. क्रीम आत्ता लावावं की रात्री? क्लोरिननं कातडी कोरडी पडते, त्यामुळे लावायला तर हवंच. पण क्रीम मुरेपर्यंत पाय उघडा राहतो, म्हणून आधी मोजा आणि रात्री मोजा काढल्यावर क्रीम, हे जास्त शहाणपणाचं. बोटांच्या मध्ये क्रीम लावू नये.

संध्याकाळी पाय जड वाटला तर कारण बहुधा चारांपैकी एक असतं: पाणी गरम होतं, वेग जास्त होता, पहिल्याच दिवशी पूर्ण सत्र केलं, किंवा मोजा उशिरा चढवला. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल तर परत फिरावं. मोकळा क्लोरिन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. नोंदवही मागितली तर चांगले तलाव दाखवतात.

उपयोग होतोय का, हे मोजून पाहा

डोळ्यांचा अंदाज फसतो. भिंतीवर तळापासून १०, २०, ३०, ४० सेंटिमीटरवर खुणा करून त्या उंचीला पायाचा घेर टेपनं मोजावा, नेहमी एकाच वेळी, शक्यतो सकाळी मोजा घालण्याआधी. शेजारच्या दोन घेरांचे वर्ग आणि त्या दोन घेरांचा गुणाकार यांची बेरीज करून १० नं गुणलं आणि ३७.७ नं भागलं की त्या तुकड्याचं आकारमान मिलिलिटरमध्ये मिळतं. घेर २६ आणि ३० असतील तर ते ६२५ मिलिलिटर येतं. दोन्ही घेर एकेक सेंटिमीटर उतरले तर ५८१. म्हणजे टेपवर नगण्य वाटणारा एक सेंटिमीटर एवढ्याशा तुकड्यात ४४ मिलिलिटर असतो. आठवड्यातून दोन सत्रं धरून सहा आठवडे नोंदी ठेवाव्यात. सत्रानंतर लगेच मोजलेला आकडा सुखावणारा असतो, पण निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळच्या आकड्यावर घ्यावा.

अपेक्षा किती ठेवावी, हेही सांगायला हवं. या विषयावरचे अभ्यास छोटे आहेत आणि बरेचसे स्तनाच्या कर्करोगानंतरच्या हाताच्या सुजेवरचे आहेत. टिधार आणि सहकारी यांच्या २०१० च्या हातावरच्या चाचणीत सत्रानंतर लगेच आकारमान कमी झालेलं दिसलं, पण दीर्घकाळात ठळक फरक पडला नाही. जगण्याची गुणवत्ता सुधारली आणि लोक नेमानं येत राहिले. पायाबद्दलचे पुरावे याहून कमी आहेत. सूज फार असताना मुख्य काम बँडेजच्या थरांचं, उतरल्यावर ती टिकवण्याचं काम मोज्याचं. पाण्यातला व्यायाम या दुसऱ्या टप्प्यात येतो. मोजा बाजूला ठेवून नुसत्या तलावावर भरवसा ठेवला तर पाय पुन्हा पूर्वीइतका सुजू शकतो.

तलाव नसेल तेव्हा

विहीर, शेततळं, नदी यांचा पर्याय नको. शेततळ्याचं प्लॅस्टिक शेवाळून निसरडं होतं आणि बाहेर निघता येत नाही. साचलेल्या आणि पुराच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, कोकणात तर पावसाळ्यात तो नेहमीचाच. समुद्रात लाटांचा जोर, कालव आणि शिंपल्यांनी पाय कापणं. बादलीत पाय बुडवून बसण्यातून फार मिळत नाही: ३५ सेंटिमीटर पाण्यात तळव्याशी २६ च्या आसपास दाब येतो आणि गुडघ्यापासून वर काहीच नाही. बादलीचा खरा उपयोग पाय रोज साबणानं धुण्यासाठी. धुऊन, बेचक्या कोरड्या करून, चिखल्या असतील तिथे बुरशीविरोधी मलम लावावं. दिवसातून दोनतीनदा झोपून पाय छातीपेक्षा उंच ठेवावा, आणि वर सांगितलेले श्वास, गुडघ्याचे व घोट्याचे व्यायाम त्याच क्रमानं खाटेवर करावेत, मोजा किंवा बँडेज घातलेलं असताना. पाण्याचा दाब तिथे नसतो, म्हणून बाहेरून काहीतरी आवळलेलं हवंच.